लेन बायस गेला, शिक्षा वस्तीला झाली

कल्पना करा, ड्रीम जॉबचं ऑफर लेटर हातात पडलंय आणि दोनच दिवसांत तुम्ही या जगात नाही. लेन बायसचं हेच झालं. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. (माझ्याच वयाचा, म्हणून मला ही गोष्ट जरा जास्तच लागली.)

अमेरिकेतल्या मेरीलँडचा हा कृष्णवर्णीय मुलगा. उंची सहा फूट आठ इंच. मेरीलँड युनिव्हर्सिटीकडून तो बास्केटबॉल असा खेळायचा, की लोक त्याची थेट मायकेल जॉर्डनशी तुलना करायचे. १७ जून १९८६ ला एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो दुसऱ्या नंबरवर लागला. तेही बोस्टन सेल्टिक्समध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या चॅम्पियन टीममध्ये! १९ जूनच्या पहाटे होस्टेलवर मित्रांसोबत सेलिब्रेशन चाललेलं. तिथे कोकेन होतं. सकाळी तो कोसळला. हृदयाचे ठोके बिघडले ते बिघडलेच.

खरी गोची पुढे आहे. त्याने घेतली होती कोकेनची पावडर. पण देशात तेव्हा दहशत होती क्रॅकची. क्रॅक म्हणजे त्याच कोकेनचे खडे. ओढले की नशा काही सेकंदांत चढते, काही मिनिटांत उतरते आणि लगेच पुन्हा हवी होते. एकेक खडा सुटा, स्वस्तात मिळायचा, म्हणून गरीब वस्त्यांमध्ये तो झपाट्याने पसरला. लेनही क्रॅकनेच गेला, असं बऱ्याच जणांनी धरून टाकलं.

निवडणुका तोंडावर होत्या. संसदेने घाईघाईत कायदा केला आणि २७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झालीसुद्धा. ५ ग्रॅम क्रॅक विकताना सापडलात, तर किमान ५ वर्षं तुरुंग. पावडरवाल्याला तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागायचे! आधीच व्यसनाने पोखरलेल्या घरांतले बाप, भाऊ, आया वर्षानुवर्षं आत गेल्या. २००६ मध्येसुद्धा फेडरल कोर्टांत क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के कृष्णवर्णीय होते. म्हणजे लेनच्या मृत्यूने हादरून केलेला कायदा लेनसारख्याच पोरांवर फिरला. २०१० मध्ये ही शंभरपटीची तफावत अठरापटीवर आली. संपली मात्र नाही.

लेनचा धाकटा भाऊ जे १९९० मध्ये एका मॉलपाशी गोळीबारात गेला. त्याचा ड्रग्जशी संबंध नव्हता. दोन मुलं गमावलेली त्यांची आई, लोनिस बायस, त्यानंतरही कित्येक वर्षं शाळा-कॉलेजांत जाऊन आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांसमोर उभी राहून बोलत राहिली.