उलटा हिशेब

पेणच्या शाखेत माझी बदली झाली ती ऐन श्रावणात. पेणमधला श्रावण ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ओटीवर, माळ्यावर, अंगणात जिकडे पाहावे तिकडे गणपती, गल्लोगल्ली रंगाचा वास आणि बँकेत कारखानदारांची ये-जा. मूर्ती घडवणाऱ्याला पेणमध्ये कारखानदार म्हणतात. माती, रंग आणि मजुरी यांवर त्याचा पैसा वर्षभर जात असतो आणि परत येतो तो चतुर्थीच्या आधीच्या थोड्या आठवड्यांत. मधल्या काळासाठी कर्ज काढावेच लागते.

माझ्या खातेदारांपैकी दोन कारखानदार शेजारी शेजारी राहत. मूर्तींची संख्या जवळपास सारखी, गिऱ्हाईक दोघांचेही मुंबईचे. एकाचे कर्ज वेळेत फिटायचे, दुसऱ्याचे खाते दरवर्षी थकायचे. एकदा पहिल्या घरच्या आजोबांना मी विचारले की बाबा, तुम्ही पैसा राखता तरी कसा? ते हसले. पैसा कसा वाढवावा याचा विचार त्यांनी फारसा केलाच नव्हता. सर्वपित्रीला पितरांना पान वाढून झाले की ते आळीतली बुडालेली घरे आठवत बसत. कोण लग्नाच्या थाटात बुडाला, कोण भिडेखातर जामीन राहून, कोण हंगामाचा पैसा दिवाळीपर्यंत उडवून. तेवढे आपण करायचे नाही, एवढाच त्यांचा वर्षाचा हिशेब.

शाळेच्या भूमितीत अप्रत्यक्ष सिद्धता असते. जे सिद्ध करायचे त्याच्या उलट गृहीत धरायचे आणि ते कुठे मोडते ते पाहायचे. प्रश्न उलटा करून पाहण्याचा हा मंत्र एकोणिसाव्या शतकातले जर्मन गणिती याकोबी यांच्या नावावर सांगितला जातो. आपल्या काळात अमेरिकेतले गुंतवणूकदार चार्ली मंगर (१९२४-२०२३) यांनी तो पैशाच्या व्यवहारात आणून प्रसिद्ध केला. पेणच्या आजोबांना यातले कोणीही ठाऊक नव्हते.

आजोबांचे ऐकून मी शहाणा झालो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पुढे माझी बदली रोह्याला झाली आणि त्याच वर्षी माझ्या एका नातलगाने धंद्यासाठी कर्ज काढताना मला जामीन राहायला सांगितले. नाही म्हणायची लाज वाटली. दिवसभर दुसऱ्यांच्या जामीनपत्रांवर बारीक नजर ठेवणारा मी, स्वतःच्या जामीनपत्रावर न वाचता सही करून मोकळा झालो. धंदा दोन वर्षांत बसला आणि पुढची पाच वर्षे माझ्या पगारातून हप्ते गेले. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात संपले. पत्नी एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

त्या दिवसांत बढतीच्या परीक्षेसाठी मी १९४९ चा बँकिंग कायदा वाचत होतो. एका रात्री ध्यानात आले की हा कायदा म्हणजे पेणच्या आजोबांची सर्वपित्रीची यादीच आहे. बँक मोठी कशी करावी याबद्दल त्यात फारसे काही नाही. बँका कशा बुडतात हे पाहून ती प्रत्येक वाट बंद केलेली आहे. संचालकांना त्यांच्याच बँकेने बिनतारण कर्ज देऊ नये. बँकेने मालाच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात पडू नये. राखीव निधी भरभांडवलाइतका होईपर्यंत दरवर्षीच्या नफ्यातला किमान २० टक्के हिस्सा लाभांश वाटण्याआधी त्यात टाकावा. ठेवींच्या किमान २० टक्के इतकी रक्कम रोख, सोने किंवा सरकारमान्य रोख्यांत मोकळी ठेवावी.

ही यादी अनुभवातून आली होती. १९३८ मध्ये दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बंद पडली. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अशा कायद्याची कल्पना मांडली. प्रत्यक्षात कायदा अमलात यायला मार्च १९४९ उजाडला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कोण होते? ज्या गावात बसून मी तो कायदा वाचत होतो, त्याच रोह्यात बालपण गेलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील रोह्याला वकिली करत. १९१२ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी शिकली ती निसर्गविज्ञाने, आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिला क्रमांक. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्यांनी वीस वर्षे सरकारी चाकरी केली आणि १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ऑगस्ट १९४३ मध्ये ते तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. युद्धाची महागाई, १९४४ ची ब्रेटन वुड्सची परिषद, फाळणीत दोन देशांमध्ये झालेली चलनाची वाटणी, १ जानेवारी १९४९ चे बँकेचे राष्ट्रीयीकरण, हे सारे त्यांच्याच कारकिर्दीतले.

चिंतामणरावांनी उलट्या विचाराचे शास्त्र कुठे मांडले, असा माझा दावा नाही. मी कारकुनी नजरेने त्यांचे आयुष्य वाचतो आणि मला त्यात तो दिसतो, इतकेच. गव्हर्नराचे कामच मुळी तसे असते. नफा मिळवणे हे मध्यवर्ती बँकेचे काम नव्हे. लोकांचा पैसा बुडू नये हे तिचे काम.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी विवाह केला. देशाच्या अर्थमंत्र्याचे लग्न, पण झाले नोंदणी पद्धतीने. पंतप्रधान नेहरू आले ते साक्षीदार म्हणून. आमच्या शाखेत लग्नाच्या कर्जासाठी मुलीचे बाप यायचे, तेव्हा हे लग्न मला हटकून आठवायचे.

इथे एक सांगितले पाहिजे. माणूस सवयींनीच बुडतो असे नव्हे. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये हाती घेतलेल्या ग्रामीण पतपाहणीत दिसले की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता. बाकीचा बहुतेक भार सावकार आणि व्यापारी यांच्यावर. ज्याच्या गावात बँकच नाही त्याला काटकसर शिकवून काय उपयोग? या पाहणीच्या शिफारशीवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर आले. जानेवारी १९५६ मध्ये चिंतामणरावांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. छोट्यामोठ्या २४५ विमा संस्था एकत्र होऊन त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

ते उभे राहिले तोवर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे केंद्राचे धोरण होते आणि जानेवारीतल्या मुंबईच्या गोळीबारात माणसे मेली होती. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची कशी टिकेल, असा प्रश्न बहुतेक जण विचारतात. त्यांनी बहुधा उलटा प्रश्न विचारला असावा, की काय केले तर आपण कुलाब्याच्या माणसांना तोंड दाखवू शकणार नाही. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते हरले. संस्कृत कविता मात्र त्यांनी सोडली नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. रोह्याचे वाणिज्य महाविद्यालय आज त्यांचे नाव सांगते.

माझी गोष्ट मात्र रोह्यात संपत नाही. बँकांवरचे ते निर्बंध सहकारी बँकांनाही लागू झाले ते १ मार्च १९६६ पासून. तरीही सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेला निर्बंध घालावे लागले. तपासात बनावट कर्जखात्यांचा प्रश्न पुढे आला, शेकडो कोटी रुपये अडकले आणि २०१४ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवीदार लाखाहून अधिक होते. त्यांत पापड लाटून पैसे साठवणाऱ्या बायका होत्या, निवृत्त शिक्षक होते, कारखानदार होते. उधळपट्टीची सवय त्यांना नव्हती. उलट, त्यांनी साठवले होते. पण अनेकांनी सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवली होती आणि ठेवविम्याची मर्यादा तेव्हा १ लाख रुपये होती. ती ५ लाखांवर गेली फेब्रुवारी २०२० मध्ये.

त्या वर्षी सर्वपित्रीला मीही आजोबांसारखी यादी केली. आता दरवर्षी करतो. घर बुडवायचे असेल तर काय करावे? पगार झाल्याबरोबर आधी खर्च करावा आणि उरले तर साठवावे. अडीअडचणीसाठी हाताशी काही ठेवू नये. मुलांच्या नावाच्या पैशाला, लगेच परत टाकू म्हणत, बिनतारण हात घालावा. न समजणाऱ्या धंद्यात शेजाऱ्याने घातले म्हणून पैसे घालावेत. भिडेखातर कागद न वाचता सही करावी. सगळे एकाच पेटीत ठेवून किल्ली दुसऱ्याला द्यावी. नीट पाहिले तर यातली निम्मी कलमे १९४९ च्या कायद्यातलीच आहेत, फक्त घरगुती भाषेत.

या यादीने मी श्रीमंत झालो नाही. आजोबाही झाले नव्हते. पण मुलीचे पुढचे शिक्षण राहिले नाही आणि आता तिच्या मुलाच्या नावाने एक लहानसे खाते आहे, त्याला मी हात लावलेला नाही. मागच्या सर्वपित्रीला यादी लिहून झाल्यावर पत्नीने वही ओढून घेतली, खाली एक कलम आपल्या अक्षरात लिहिले आणि वही परत ठेवली. घर बुडवायचे असेल तर जामिनाच्या कागदावर सही करण्याआधी बायकोला विचारू नये.