विश्लेषण : फुलांची गरज नसलेल्या फुलदाण्या… कोण होते अ‍ॅक्सेल साल्टो?

स्कॅन्डिनेव्हियन आधुनिक शैली म्हटले की साधी, गुळगुळीत, उगाच काही न मिरवणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. पण याच शैलीच्या जुन्या फुलदाण्यांत काही अशा दिसतात, की त्यांच्या अंगावर फणसासारखे काटे असतात, गाठी असतात, कोंब फुटलेले असतात. त्या डेन्मार्कचे अ‍ॅक्सेल साल्टो (१८८९-१९६१) यांच्या. हे गृहस्थ मुळात कुंभार नव्हते, चित्रकार होते.

चित्रकार मातीकडे कसा वळला?

साल्टो यांचा जन्म कोपनहेगनचा. तेथील राजेशाही कला अकादमीत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९१६ मध्ये पॅरिसला जाऊन ते मातिस आणि पिकासो यांना भेटले. परतल्यावर, १९१७ मध्ये, त्यांनी ‘क्लिंगेन’ (म्हणजे तलवारीचे पाते) हे कलाविषयक नियतकालिक काढले. ते १९२० पर्यंतच चालले, पण डेन्मार्कमध्ये आधुनिक कलेची ओळख रुजवण्यात त्याचा वाटा मोठा होता. ‘बिंग अँड ग्रोन्दाल’ या कारखान्यासाठी केलेले त्यांचे पोर्सिलेनचे काम १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले. मात्र त्यांचे मन रमले ते पोर्सिलेनपेक्षा जड, दणकट अशा स्टोनवेअरमध्ये.

गाठी आणि कोंब कशासाठी?

याचे उत्तर भट्टीत आहे. स्टोनवेअर साधारण १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअसला भाजतात. या उष्णतेत ग्लेझ, म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई, वितळून खाली ओघळू लागते. भांडे गुळगुळीत असेल तर तिला अडवायला काही नसते. पृष्ठभागावर उंचवटे आणि खळगे असले, की उंचवट्यांवरून ती निसटून पातळ होते आणि खळग्यांत साचून दाट होते. एकच झिलई टोकाला फिकट तपकिरी, तर खोबणीत गडद दिसते ती यामुळे. म्हणजे या गाठी नुसती नक्षी नव्हे. रंगाला जागा मिळावी म्हणून केलेली ती सोय होती. अर्थात, भट्टीत नेमके काय होईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. नको तिथे ओघळ आला की महिन्यांची मेहनत वाया.

ही जोखीम एकट्याने पेलण्यासारखी नव्हती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ‘साक्सबो’ या कार्यशाळेत काम करत. ती चालवणाऱ्या नताली क्रेब्स या रसायन अभियंता होत्या आणि झिलई हाच त्यांचा हातखंडा होता. त्यानंतर अखेरपर्यंत साल्टो यांचे काम झाले ते १७७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉयल कोपनहेगन’ या कारखान्यात. चित्रकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भांड्यांमागे रसायन जाणणारे आणि भट्टी सांभाळणारे बरेच हात आहेत, हे सहसा विसरले जाते.

निसर्गाची नक्कल होती का?

नाही. झाडाचे हुबेहूब रूप घडवण्यापेक्षा झाड ज्या जोमाने वाढते तो जोम मातीत उतरावा, असा त्यांचा आग्रह होता. खोबणीदार, कळीदार आणि अंकुरणारी अशा तीन तऱ्हा त्यांनी घडवल्या. १९४९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावही ‘अंकुरणारी शैली’ अशाच अर्थाचे आहे.

त्यांच्या चित्रांत आणि शिल्पांत ग्रीक पुराणातला शिकारी अ‍ॅक्टिऑन पुन:पुन्हा येतो. स्नान करणाऱ्या देवीला पाहिल्याच्या शिक्षेने तो हरीण होतो आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. माणसाच्या डोक्यातून शिंगे फुटतात तो क्षण आणि भांड्याच्या अंगातून कोंब फुटतो तो क्षण, यांत साल्टो यांना फारसा फरक दिसत नसावा. म्हणूनच त्यांच्या फुलदाण्या नुसत्या देखण्या वाटत नाहीत, थोड्या भीतिदायकही वाटतात.

दखल कधी घेतली गेली?

१९५१ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. तरीही ‘शक्तीचा गाभा’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची प्रचंड अंकुरणारी फुलदाणी त्यानंतरची, १९५६ ची. तिच्यात फुले ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात येणे कठीण.

कारखान्यात घडलेल्या त्यांच्या फुलदाण्यांच्या तळाशी सहसा कोरलेले ‘साल्टो’ हे नाव आणि ‘रॉयल कोपनहेगन’च्या तीन लाटा दिसतात. या लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या.