नेल्सन यांच्या तलवारी

होरेशिओ नेल्सन यांचा जन्म इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात १७५८ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. बाराव्या वर्षी ते मामा कॅप्टन मॉरिस सकलिंग यांच्या जहाजावर रुजू झाले. पुढे मुंबईच्या वास्तव्यात हिवतापाने ते मरणाच्या दारी पोहोचले होते. १७९७ मध्ये टेनेरिफच्या चढाईत उजव्या हाताला गोळी लागताच मामांची जुनी तलवार त्यांनी डाव्या हाताने सावरली. हात गमवावा लागला, तलवार राहिली.

१७९८ मध्ये नाईलच्या मुखाजवळ त्यांनी फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला. टिपू सुलतानाची फ्रेंच मदतीची आशा मावळली. निर्धास्त झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १०,००० पौंड अर्पण केले. सहकारी कप्तानांनी वर्गणी काढून मानाची तलवार दिली. नाईलची खूण म्हणून तिची सोनेरी मूठ मगरीच्या आकाराची घडवली होती. लंडन नगरीने दिलेल्या तलवारीची मूठ सोने, मीनाकारी व हिऱ्यांनी मढवलेली होती.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गार येथे मात्र त्यांची तलवार खोलीतील मेजावरच राहिली. रिकाम्या कमरेने ते डेकवर उभे राहिले, गोळी लागून कोसळले आणि विजयाची वार्ता कानी पडल्यावरच त्यांनी प्राण सोडला. मानचिन्हे कर्तृत्वामागून येतात, हे विद्यार्थ्यांनी या चरित्रातून ध्यानी घ्यावे.