रेव्हरंड ना. वा. टिळक

माझा दादा गेल्या जूनमध्ये पाळक होण्यासाठी सेमिनरीत शिकायला गेला. तेव्हापासून वर्गात सगळे मला विचारतात, सेमिनरी म्हणजे काय रे? मला नीट सांगता येईना. मग बाईंनी सुचवले, की तू भित्तिपत्रकासाठी रेव्हरंड टिळकांवर लिही. म्हणून मी हे लिहीत आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी झाला. वडील फार तापट होते. आई लहानपणीच वारली. मग नारायण घर सोडून नाशिकला गेले. तिथे ते संस्कृत शिकले. पुढे त्यांनी पोटासाठी नाना कामे केली. कधी शिक्षक झाले, तर कधी छापखान्यात खिळे जुळवले. कविता मात्र सोडली नाही. 1880 साली त्यांचे लग्न झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या साहेबाने टिळकांना बायबल वाचायला दिले. ते वाचून त्यांचे मन बदलू लागले. शेवटी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक दुरावले. लक्ष्मीबाईंना तर मोठाच धक्का बसला. त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. काही वर्षे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे, असे चालले. टिळकांनी मात्र त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे मला फार आवडले.

नंतर टिळक अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. तिथे एक लहानशी सेमिनरी होती. सेमिनरी म्हणजे पाळक तयार करणारी शाळा. तिथे बायबल शिकवतात, उपदेश कसा करायचा ते शिकवतात, आणि लोकांच्या सुखदुःखात कसे उभे राहायचे तेही शिकवतात. नगरच्या सेमिनरीत खेड्यापाड्यातली मुले शिकायची. टिळक त्यांना शिकवीत. आपल्या लोकांना आपल्याच चालीत सांगितले तर पटते, असे त्यांचे मत होते. त्यांना तुकारामांचे अभंग फार प्रिय होते. म्हणून त्यांनी ख्रिस्ताची भजने आणि कीर्तने मराठी वळणाची केली. त्यांची गीते आमच्या मंडळीत आजही टाळ-पेटीवर म्हणतात. 1904 साली ते पाळक झाले.

लक्ष्मीबाईसुद्धा पुढे नगरला आल्या. आधी त्या सोवळे पाळून स्वयंपाक वेगळा करायच्या. हळूहळू त्यांचे विचार त्यांनी स्वतःच बदलले आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक लिहिले. ते मराठीतले फार गाजलेले आत्मचरित्र आहे.

टिळकांना फुले आणि मुले फार आवडत. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहत होते, बरं का! 1912 पासून टिळकांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जी बाई एके काळी रागावून वेगळी राहिली, तिनेच नवऱ्याचे काम तडीस नेले. हे वाचताना मला आमचे घर आठवले.

आमच्या बाबांना वाटत होते, की दादाने नोकरी धरावी, कारण घरावर कर्ज आहे आणि पाळकाला पगार थोडा. दादा गेला त्या दिवशी बाबा शेतावरून घरी आलेच नाहीत. अजून ते त्याच्याशी फोनवर बोलत नाहीत. आई एकटीच बोलते आणि फोन ठेवल्यावर डोळे पुसते. बाबांचेही चुकते असे मला वाटत नाही. कर्ज खरेच आहे.

शनिवारी पालकसभा आहे. बाबा येणार आहेत. मी त्यांना या फळ्यापाशी घेऊन येईन आणि माझा लेख दाखवीन. नाताळात दादा सुट्टीला येईल, तेव्हा त्याला आणायला एस.टी. स्टँडवर बाबांनी जावे, एवढेच मला वाटते.