वाल्देमार हाफकिन

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला काही प्रश्न हमखास विचारले जातात. लस म्हणजे काय? मारलेले जंतू टोचल्यास जिवंत जंतूंपासून संरक्षण कसे मिळते? लस गुणकारी आहे हे कशावरून ठरवायचे? निर्जंतुकीकरणाला एवढे महत्त्व का? पुस्तकात या प्रश्नांची उत्तरे चार-चार ओळींत सापडतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत मात्र हे प्रश्न हजारो कुटुंबांच्या जगण्यामरण्याचे झाले होते. त्यांची उत्तरे शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणजे वाल्देमार हाफकिन. परळ येथील सुप्रसिद्ध हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना एली मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून नष्ट करतात, हे दाखवून देणारे हे शास्त्रज्ञ. त्यांच्या सहवासात तरुण हाफकिन यांना सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची गोडी लागली. परंतु त्या काळी रशियात ज्यू समाजावर वारंवार हल्ले होत. समाजाच्या रक्षणासाठी पुढे आलेल्या तरुणांत हाफकिन होते आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. ज्यू असल्यामुळे विद्यापीठातील उच्च पदांचा मार्ग त्यांना बंद होता. पदासाठी धर्म बदलण्याची त्यांची तयारी नव्हती. अखेर १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हात अध्यापन करून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तेथे मेच्निकॉव्ह होतेच. पण जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. ग्रंथालयाचे काम आटोपले की ते प्रयोगशाळेत जाऊन बसत.

त्या वेळी पटकी, म्हणजेच कॉलरा, हा रोग जगभर थैमान घालत होता. त्याचे जंतू दुर्बल करून टोचले तर शरीर रोगाशी लढण्यास आधीच सज्ज होईल, असा हाफकिन यांचा विचार होता. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. पण माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, काही काळ वेदना झाल्या आणि मग प्रकृती पूर्ववत झाली. माणसाला अपाय होत नाही, एवढे यातून समजले. रोगापासून संरक्षण मिळते की नाही, हे मात्र जेथे रोगाची साथ आहे तेथेच कळणार होते. म्हणून १८९३ मध्ये ते भारतात आले.

परक्या माणसाने सुई टोचावी, ही कल्पनाच लोकांना भयावह वाटे. कलकत्त्याच्या वस्त्यांत हाफकिन यांच्यासोबतचे भारतीय डॉक्टर लोकांसमोर आधी स्वतः लस टोचून घेत. मग धीर धरून एकेक जण पुढे येई. एकाच घरातील, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी लस घेतलेले किती आजारी पडले आणि न घेतलेले किती, याची हाफकिन काटेकोर नोंद ठेवत. सुमारे अडीच वर्षांत त्यांनी बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. भयभीत होऊन लाखो लोक मुंबई सोडून गेले. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत व तिच्या लगतच्या ओसरीत त्यांनी काम सुरू केले. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. या अपुऱ्या साधनांनिशी त्यांनी अहोरात्र परिश्रम घेतले.

प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. हाफकिन यांनी तो बकऱ्याच्या मांसाच्या अर्कात वाढवला. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही धर्मभावना दुखावू नयेत, हा या निवडीमागील हेतू होता. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्यांना धरून खाली लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. पुरेशी वाढ झाल्यावर ते उष्णतेने मारून त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. असे मेलेले जंतू रोग निर्माण करू शकत नाहीत. मात्र शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखते आणि त्यांच्याशी लढण्याची सिद्धता करून ठेवते. पुढे खरा जंतू शिरला तर प्रतिकार त्वरेने होतो. लसीचे मर्म हेच.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. उरलेल्यांना दिली नाही. दोन्ही गटांचे अन्न, पाणी व निवास एकच होते. टोचणीच्या दिवशीच ज्यांना रोगाने गाठले होते त्यांना वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला व सहा जण दगावले. लस रोगाला पूर्णपणे रोखू शकत नसली तरी मृत्यूचे प्रमाण कमी करते, हे या तुलनेतून स्पष्ट झाले.

तरीही लस घराघरांत पोहोचवणे सोपे नव्हते. याच सुमारास पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यातील घरझडत्यांमुळे जनतेत तीव्र संताप होता. त्यातूनच जून १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी माणूस आणि त्याच्या हातातील सुई यांविषयी लोकांच्या मनात अविश्वास होता. अशा वेळी मुंबईतील खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली व प्रयोगशाळेसाठी आपली इमारतही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली आणि तेथून देशभर लस रवाना होऊ लागली.

कीर्तीच्या शिखरावर असतानाच हाफकिन यांच्यावर मोठे संकट कोसळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. एकोणीस घरे उद्ध्वस्त झाली; या दुर्दैवी घटनेची चौकशी होणे आवश्यकच होते. चौकशी आयोगाने मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हा बदल दोषास्पद मानला गेला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

आता लढा होता तो स्वतःच्या निर्दोषत्वासाठी. या लढ्यातही त्यांनी पुराव्याचीच कास धरली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली उघडणाऱ्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली कित्येक आठवडे आधी भरलेली होती. जंतू मुंबईतच शिरले असते तर एवढ्या अवधीत ते वाढून लसीला दुर्गंधी आली असती. पण बाटली उघडताना तशी दुर्गंधी नव्हती. शिवाय आत आधीच साचलेल्या विषाने माणसे याहून लवकर आजारी पडली असती. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्रात त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले.

न्याय मिळाला, पण उशिरा. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास नेमणूक झाली. मात्र तेथे त्यांच्या संशोधनावर बंधने होती. उमेदीची वर्षे हातून निसटली होती. निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. आपली संपत्ती त्यांनी ज्यू समाजाच्या शिक्षणकार्यासाठी दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. तोपर्यंत प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा तेथून बाहेर पडल्या होत्या. आज प्लेगवर प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि ती जुनी लस वापरात नाही. हाफकिन यांची कार्यपद्धती मात्र जुनी झालेली नाही. नव्या लसीची परीक्षा आजही दोन गटांची तुलना करूनच होते आणि सुई हाती घेणारी प्रत्येक परिचारिका आजही आधी निर्जंतुकतेची खात्री करून घेते.

स्वाध्याय

१. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी हाफकिन यांनी बकऱ्याच्या मांसाचा अर्क का निवडला?
२. भायखळ्याच्या तुरुंगात सर्व कैद्यांना लस दिली असती, तर लसीचा गुण सिद्ध झाला असता का? सकारण लिहा.
३. मुलकोवालची बाटली मुंबईत दूषित झाली नसावी, हे कोणत्या पुराव्यांवरून दिसते?
४. लसीविषयी लोकांच्या मनातील भीती दूर करण्यासाठी कोणते उपाय योजण्यात आले? तुमच्या परिसरात तुम्ही काय कराल?