हिरवळीचा राखणदार : टॉम मॉरिस

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावी १६ जून १८२१ रोजी एका विणकराच्या घरी टॉम मॉरिस यांचा जन्म झाला. गाव आणि समुद्र यांच्यामधील वाळूच्या माळावर तेथे कित्येक शतके गोल्फ खेळला जात असे. बडे लोक हौस म्हणून खेळत. या खेळावर पोट भरणारा माणूस मात्र चेंडू बनवणारा, काठ्या वाहणारा, मैदान राखणारा चाकरच समजला जाई.

त्या काळचा श्रेष्ठ खेळाडू अ‍ॅलन रॉबर्टसन यांच्या कारखान्यात मॉरिस उमेदवारीला लागले. शिजवलेली पिसे कातड्यात ठासून तेथे चेंडू बनत. एका कारागिराच्या हातून दिवसाला जेमतेम तीन-चार चेंडू होत. १८४८च्या सुमारास गट्टापर्चाचा स्वस्त आणि टिकाऊ चेंडू आला. रॉबर्टसन यांना त्यात आपल्या धंद्याचा अंत दिसला. मॉरिस त्याच चेंडूने खेळताना दिसले आणि गुरुशिष्यांचे बिनसले. १८५१ साली मॉरिस पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकला गेले. तेथे त्यांनी बारा होलचे मैदान आखले आणि तेच त्याचे राखणदार झाले.

त्याच मैदानावर १८६० साली पहिली ओपन स्पर्धा झाली. खेळाडू अवघे आठ, बक्षीस कातड्याचा पट्टा. विली पार्क यांनी मॉरिस यांना दोन फटक्यांनी मागे टाकले. पुढे १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा मॉरिस यांनी ही स्पर्धा जिंकली. १८६२चा तेरा फटक्यांचा विजय या स्पर्धेत आजही अबाधित विक्रम आहे. १८६७ साली ते ४६ वर्षांचे होते. ओपनचा सर्वांत वयस्क विजेता आजही तेच. पुढच्याच वर्षी १७ वर्षांचा मुलगा टॉमी विजेता झाला. सर्वांत लहान विजेता तोच. १८६९ सालीही मुलगाच पहिला आला.

दरम्यान सेंट अँड्र्यूजने मॉरिस यांना वर्षाला पन्नास पौंडांवर परत बोलावले होते. मैदान दुर्लक्षित होते. त्यांनी झुडपे काढली, हिरवळी रुंदावल्या, गवतावर वाळू पसरून ते दाट केले. रविवारी मैदानाला विश्रांती मिळालीच पाहिजे, यावर ते ठाम राहिले.

सप्टेंबर १८७५मध्ये पिता-पुत्र नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असताना टॉमीच्या पत्नीची प्रकृती गंभीर असल्याची तार आली. प्रसूतीत ती आणि बाळ दोघेही दगावले. टॉमी त्यातून सावरला नाही. नाताळच्या दिवशी, २४व्या वर्षी त्याचाही अंत झाला. पुढल्याच वर्षी मॉरिस यांची पत्नी गेली. मॉरिस यांनी मैदान सोडले नाही. वयाच्या सत्तरीत त्यांनी म्युरफील्डचे मैदान आखले. १९०३पर्यंत ते राखणदारीच्या कामावर होते.

सगळी अपत्ये डोळ्यांदेखत गमावलेले मॉरिस २४ मे १९०८ रोजी एका क्लबच्या जिन्यावरून पडून निवर्तले. कॅथेड्रलच्या आवारात, मुलाच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला. सेंट अँड्र्यूजची अठरावी हिरवळ त्यांच्या नावाने ओळखली जाते. चाकर म्हणून ज्या मैदानावर ते राबले, ते रविवारी आजही सहसा खेळासाठी बंदच असते.