फिलिपिक

जीआरईच्या वर्डलिस्टमध्ये भांडणाचे शब्द एवढे का असतात हे मला पडलेलं कोडं आहे. टायरेड, डायट्राइब, हॅरँग, इन्व्हेक्टिव्ह... सगळ्यांचा अर्थ थोड्याफार फरकाने एकच, रागाचं भाषण. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हे पाठ करणं सोपं जायला हवं. पण खरं सांगू? आमच्या आजीकडे याहून मोठा स्टॉक आहे. आगपाखड, तोंडसुख, खरडपट्टी, लाखोली, कानउघाडणी, बिनपाण्याने करणं! आणि कुठला कधी वापरायचा हेही तिला बरोब्बर कळतं.

या लिस्टमधला एक शब्द मात्र वेगळा निघाला, फिलिपिक. तो एका माणसाच्या नावावरून आलाय. गंमत म्हणजे ज्याने भाषणं केली त्याच्या नाही, तर ज्याच्याविरुद्ध केली त्याच्या. तो फिलिप, मॅसिडोनियाचा राजा, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या सिकंदराचा बाप. आणि भाषणं करणारा अथेन्सचा डेमॉस्थेनिस.

डेमॉस्थेनिसचा जन्म इ.स.पू. ३८४ चा. घरचं बरं होतं. वडिलांचे दोन कारखाने, एक तलवारी-सुऱ्यांचा, दुसरा पलंगांचा, आणि दोन्हीकडे राबणारे गुलाम. मुलगा सात वर्षांचा असताना वडील गेले. इस्टेट तीन पालकांच्या हाती आली. एक वडिलांचा भाचा, एक पुतण्या, एक जुना मित्र. दहा वर्षांत तिघांनी मिळून ती जवळजवळ फस्त केली. (माणसं सगळीकडे सारखीच!) तिथे कोर्टात वकील उभा करायची पद्धत नव्हती, ज्याचं त्याने बोलायचं. विसाव्या वर्षी, म्हणजे आपण सबमिशनच्या मागे धावतो त्या वयात, हा मुलगा आपल्याच नातेवाइकाविरुद्ध बोलायला उभा राहिला. केस जिंकला, पण पैसे फारसे वसूल झाले नाहीत. मग दुसऱ्यांना कोर्टातली भाषणं लिहून द्यायचा धंदा त्याने सुरू केला.

त्याचा आवाज बारीक, दम कमी, उच्चार अडखळते. पहिल्यांदा लोकांच्या सभेत बोलला तेव्हा हसू झालं. तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव, चढावर धावताना भाषण, बाहेर जाता येऊ नये म्हणून अर्धं डोकं भादरून तळघरात बसणं, या गोष्टी प्लुटार्कने सांगितल्यात. प्लुटार्क झाला चारशेहून जास्त वर्षांनी, तेव्हा मीठमसाला किती ते आपण समजून घ्यायचं. पण मला त्या आवडतात. चार लोकांत शुद्ध मराठी बोलायचं म्हटलं की माझी अजून त-त-प-प होते.

इ.स.पू. ३५१ मध्ये त्याने पहिलं फिलिपिक दिलं. मी ते इंग्रजी भाषांतरात वाचलं आणि चाटच पडले. मला वाटलं होतं, फिलिपला शिव्यांची लाखोली असेल. तर त्यात निम्मंअधिक बोलणं अथेन्सच्या लोकांना! तुम्ही आळशी, सगळं हातचं गेल्यावर जागे होता, सणांच्या तारखा चुकत नाहीत पण आरमार कायम उशिरा पोचतं, असा एकूण सूर. म्हणजे डिक्शनरी काहीही म्हणो, आजीचा शब्द इथे जास्त बसतो. आगपाखड नव्हे, कानउघाडणी.

आणि मध्येच चक्क एस्टिमेट! दहा जहाजं, दोन हजार पायदळ, दोनशे घोडेस्वार. वर्षाचा खर्च जहाजांना ४० टॅलेंट, पायदळाला ४०, घोडेस्वारांना १२. (टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी.) दरमहा दरडोई रेटसुद्धा दिलाय. पायदळाला महिना दहा द्राख्मा, घोडेस्वाराला तीस. सहा हजार द्राख्मांचा एक टॅलेंट, करून बघा, हिशेब जुळतो. रागाच्या भाषणात टोटल बरोबर येणारा दुसरा माणूस मला अजून सापडलेला नाही.

लोकांनी ऐकलं आणि घरी गेले. इ.स.पू. ३४८ मध्ये फिलिपने ऑलिंथस हे शहर उद्ध्वस्त केलं. तो बोलतच राहिला. लोक हलले तेव्हा उशीर झाला होता. इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाला अथेन्स हरलं. डेमॉस्थेनिस तिथे साधा सैनिक म्हणून गेला होता, आणि ढाल टाकून पळाला असं त्याचे शत्रू म्हणत. तरी मेलेल्यांच्या अंत्यविधीचं भाषण करायला लोकांनी त्यालाच निवडलं. मला वाटतं, त्याच्या अख्ख्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा मान.

पुढचं वाचताना मात्र वाईट वाटतं. सिकंदराचा खजिनदार हार्पालस पैसे घेऊन अथेन्सला पळून आला, आणि त्यातले २० टॅलेंट घेतल्याचा ठपका डेमॉस्थेनिसवर आला. पन्नास टॅलेंट दंड, तुरुंग, मग पलायन. पैसे त्याने खरंच खाल्ले का, यावर अभ्यासक अजून भांडतात.

इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर मेला, अथेन्सने बंड केलं, त्याला सन्मानाने परत बोलावलं. वर्षभरात बंड मोडलं. मॅसिडोनियाचे लोक मागावर आले तेव्हा तो कलाउरिया बेटावर पोसायडनच्या देवळात होता. पत्र लिहितो असं सांगून त्याने बोरू तोंडाशी नेला. त्यात विष होतं, असं म्हणतात. त्याच वर्षी, इ.स.पू. ३२२ मध्ये, अथेन्समध्ये दोन हजार द्राख्मांहून कमी मालमत्ता असलेल्यांचा मताचा हक्क काढून घेतला गेला. तो ज्यासाठी भांडत होता ते नक्की काय होतं, हे मला या एका आकड्यावरून कळलं.

पुढे रोममध्ये सिसेरोने अँटनीविरुद्ध चौदा भाषणं केली आणि त्यांना डेमॉस्थेनिसच्या आठवणीत हेच नाव दिलं. फिलिपचा तिथे काही संबंध नव्हता. इ.स.पू. ४३ मध्ये अँटनीच्या माणसांनी सिसेरोला मारलं, आणि ती भाषणं लिहिणारे हात कापून, डोक्यासकट, रोमच्या चौकात भाषणं व्हायची त्याच मंचावर लावले.